गलबत कुणाचं?

23 डिसेंबर 1534 रोजी वसईसमोरच्या दर्यात 'साओ मातेउश' नावाचं पोर्तुगीज गलियन नांगरून उभं होतं. गुजरातचा सुलतान बहादूरशाह आणि पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या यांच्यातला तह त्या जहाजावर झाला. उत्तरेकडून हुमायूनची फौज येणार या धास्तीनं सुलतान तेव्हा घायकुतीला आला होता. शाळेत आम्हांला या तहाचं एकच कलम शिकवलं गेलं: वसई, तिच्या आसपासचा मुलूख आणि समुद्रातली बेटं पोर्तुगालच्या राजाला मिळाली. मुंबईची बेटंही त्यातच गेली, म्हणून मुंबईचा इतिहास लिहिणारे या तहाला चार ओळी देतात आणि पुढे सरकतात. त्याच कागदातल्या दुसऱ्या एका कलमाकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे निघणारं प्रत्येक गलबत आधी वसईला येईल, इथून परवाना घेईल, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा वसईलाच येऊन जकात भरेल, असं ते कलम होतं. सुलतानाच्या राज्यातल्या कुठल्याच गलबतानं पोर्तुगीजांच्या परवान्याशिवाय समुद्रात जायचं नाही, आणि सुलतानानं लढाऊ जहाजं बांधायची नाहीत, हेही त्यातच होतं.

या कलमावर माझी नजर अडकली याला कारण माझी नोकरी. पापडीत जन्म, वसई रोडहून लोकलचा प्रवास आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग एजंटाच्या कचेरीत कारकुनी, यात माझी उमर गेली. मॅनिफेस्ट, बिल ऑफ लेडिंग, चार्टर पार्टी, रजिस्ट्रीचा दाखला हे कागद मी रोज हाताळले. जहाज मी चालवलं नाही, पण जहाज कुणाचं आहे हे कागदावरून कसं ठरतं ते पुष्कळ पाहिलं. एकदा एक मालवाहू जहाज कर्जापायी कोर्टाच्या हुकमानं अडकलं होतं. कागदावरचा मालक एका देशातली कंपनी, निशाण दुसऱ्या देशाचं, भाड्यानं घेणारा तिसऱ्या देशातला. खलाशांचा पगार कुणी द्यायचा हे ठरेना. ते खलाशी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहत आणि एकच विचारत, "साहेब, हे जहाज आहे तरी कुणाचं?" निवृत्तीनंतर मी वसईचे जुने कागद वाचायला बसलो तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर आला. फरक एवढाच की त्या काळी तो विचारणाऱ्याच्या हातात तोफ होती.

वसईचं नाव त्या तहात उगाच आलेलं नाही. तुंगारच्या डोंगरातला साग, खाडीतलं भरतीचं पाणी आणि पिढीजात सुतार यांमुळे इथला किनारा गलबतं बांधणारा होता. आगाशी तर त्यासाठी नावाजलेलं गाव. पोर्तुगीजांनी 1530 आणि 1531 असं लागोपाठ दोनदा आगाशीवर हल्ला करून ते उद्ध्वस्त केलं, आणि 1533 च्या जानेवारीत वसईवर चालून येऊन इथली तटबंदी पाडली. म्हणजे ज्या किनाऱ्यावर गलबतं बांधली जात, तिथेच आता गलबतांना समुद्रात जायची परवानगी मागायला यावं लागणार होतं. ते कलम वसईपुरतं फार काळ टिकलं नाही. 1535 च्या ऑक्टोबरात दीवला किल्ला बांधायची मुभा पोर्तुगीजांना मिळाली, दुसरा तह झाला आणि ही वहिवाट दीवकडे वळली. परवान्याची सक्ती मात्र तशीच राहिली, आणि पुढची दोनशे वर्षं वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं असल्यामुळे हा कारभार आमच्या दारातच चालत राहिला.

त्या परवान्याला पोर्तुगीज 'कार्ताझ' म्हणत. सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीपासून ते हा कागद देत होते. त्यात गलबताचं नाव, नाखव्याचं नाव, गलबत केवढं, त्यावर तोफा आणि हत्यारं किती, कुठल्या बंदरातून निघालं आणि कुठं जाणार, हे सगळं लिहिलेलं असे. काय न्यायचं नाही याची यादी असे: मिरी, दालचिनी, लोखंड, तांबं, गंधक. तुर्कांना गलबतावर घ्यायचं नाही. वाटेत पोर्तुगीजांच्या बंदरात थांबून जकात भरायची. कागदाची फी किरकोळ होती, खरी कमाई जकातीची. समुद्रात पोर्तुगीज जहाज आडवं आलं की नाखव्यानं कार्ताझ दाखवायचा. नोंद आणि गलबत यांत फरक सापडला, एखादी तोफ जास्त निघाली, यादीतला माल मिळाला किंवा मुदत उलटली, की गलबत मालासकट जप्त. मी कचेरीत जे मॅनिफेस्ट तपासत होतो त्यात आणि या कागदात रकाने जवळपास तेच आहेत.

पण एक मोठा फरक आहे आणि माझं सगळं म्हणणं त्या फरकाभोवती आहे. परवाना देणारा, तो समुद्रात तपासणारा, गलबत पकडणारा आणि जप्तीचा माल घेणारा, हे चौघे एकच होते. गलबत आपलं आहे, माल आपला आहे, आपण कुणाच्या भांडणात नाही, हे सिद्ध करायचं ओझं नाखव्यावर. ते सिद्ध झालं की नाही हे ठरवणार पकडणाराच.

मुघल बादशहाच्या घराण्यालाही हे चुकलं नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम 1575 च्या सुमारास हजला निघाली आणि परवान्यापायी सुरतेत कितीतरी महिने अडकून पडली. त्या परवान्यावर मेरी आणि येशूची चित्रं असत. असा कागद जवळ बाळगून हजला जाणं धर्माला मान्य नाही, तेव्हा अशा काळात हजची सक्तीच उरत नाही, असा निवाडा अकबराच्या दरबारातल्या मखदूम-उल-मुल्कनं दिला होता. बदायूनीनं ती हकीगत लिहून ठेवली आहे. मी ख्रिस्ती आहे, वसईच्या चर्चमध्ये वाढलो. ज्या आईपुढे आम्ही मेणबत्ती लावतो तिचं चित्र जप्तीच्या कागदावर छापून यात्रेकरूंच्या हातात दिलं गेलं, हे वाचून मला आजही वाईट वाटतं.

आणि कागद असला तरी सुटका होईल याचा भरवसा नव्हता. 1613 साली जहांगीरची आई मरियम-उझ-जमानी हिचं 'रहीमी' हे जहाज तांबड्या समुद्राकडून सुरतेला परतत होतं. त्यावर सुमारे सातशे माणसं होती, प्रचंड किमतीचा माल होता आणि पोर्तुगीजांचाच परवाना होता. तरीही पोर्तुगीजांनी ते पकडून गोव्याला नेलं. सुरतेत इंग्रजांना थारा दिल्याबद्दल मुघलांवर दबाव आणायचा होता, एवढंच कारण. मालकीचा पुरावा निर्विवाद होता, कुणाशी वैर नव्हतं, कागद खरा होता, आणि कशाचाच उपयोग झाला नाही. जहांगीरनं दमणला वेढा घालायचा हुकूम दिला, आग्र्यातलं जेझुइटांचं चर्च बंद केलं. बादशहाच्या आईला फौज होती म्हणून हे तरी झालं. सोपाऱ्याच्या किंवा चौलच्या एखाद्या व्यापाऱ्याचं गलबत असंच गेलं तर तो कुणाच्या दारी गेला असेल?

शिवाजी महाराजांनी हे नीट ओळखलं होतं. 1659 मध्ये कल्याण, भिवंडी आणि पनवेलच्या खाडीत त्यांनी लढाऊ गलबतं बांधायला घेतली तेव्हा सगळ्यांत आधी दचकला तो वसईचा पोर्तुगीज कॅप्टन आंतोनियो द मेलो द कास्त्रो. कल्याण-भिवंडीची गलबतं उल्हासच्या पाण्यातून वसईसमोरूनच दर्यात येणार होती. त्या कामावर असलेला रुई लैताव व्हिएगश हा जहाजबांधणीतला जाणकार आणि त्याचे लोक काम सोडून निघून जातील अशी व्यवस्था पोर्तुगीजांनी केली. आरमार थांबलं नाही. 1670 मध्ये मराठी आरमारानं दमणजवळ पोर्तुगीजांचं एक मोठं जहाज पकडून दाभोळला नेलं, आणि पोर्तुगीजांनी मराठ्यांची बारा गलबतं पकडून वसईला आणली. त्या बारा गलबतांवरच्या माणसांचं वसईत काय झालं असेल, हा विचार किल्ल्याच्या दर्या दरवाजातून आत जाताना माझ्या मनात हटकून येतो.

इथून पुढे समुद्रावर कागदांची गर्दी झाली. पोर्तुगीजांचा कार्ताझ, जंजिऱ्याच्या सिद्दीचा परवाना, इंग्रजांचा पास, फ्रेंचांचा पास आणि मराठी आरमाराचं दस्तक. एकाचा कागद दुसऱ्याच्या लेखी गुन्ह्याचा पुरावा. मग व्यापारी दोन-तीन कागद जवळ ठेवत आणि समोर कुणाचं निशाण दिसतंय ते पाहून त्यातला एक काढत. या चालीचा सगळ्यांत गाजलेला खटला लंडनला झाला. 1698 च्या जानेवारीत कॅप्टन विल्यम किड यानं मलबारच्या किनाऱ्याजवळ 'क्वेदा मर्चंट' हे जहाज पकडलं. जहाजाचा मालक सुरतेकडचा, माल बराचसा आर्मेनियन व्यापाऱ्यांचा, कप्तान इंग्रज. किडनं फसवायला फ्रेंच निशाण लावलं, तेव्हा जहाजावरून फ्रेंच पास दाखवला गेला. इंग्लंडचं फ्रान्सशी युद्ध चालू असताना मिळालेली, फ्रेंच जहाजं पकडण्याची सनद किडजवळ होती. म्हणून त्याच्या लेखी ही रीतसर पकड होती, आणि बादशहाच्या दरबारात ती दरोडेखोरी होती. किडनं ते फ्रेंच पास जपून ठेवले, पण 1701 साली खटल्याच्या वेळी ते कोर्टापुढे आलेच नाहीत. त्याला फाशी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पास लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले. ते आधी सापडले असते तर तो सुटला असता असं मी म्हणत नाही. त्याच्यावर खलाशाच्या खुनाचाही आरोप होता. पण ज्याच्या बचावाचा कागद दप्तरात पडून राहतो, त्याचा खटला पुरा झाला असं मी मानणार नाही.

आता कान्होजी आंग्रे. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं आणि आपल्याकडच्या काही पुस्तकांनी ते तसंच उतरवलं. मला यात पडताळायचं आहे ते कान्होजींचं म्हणणं. मराठी राज्याच्या या सरखेलाचं, म्हणजे आरमारप्रमुखाचं, म्हणणं असं की या किनाऱ्यावर किल्ले आमचे, आरमार आमचं, तेव्हा इथून व्यापार करणाऱ्यानं आमचं दस्तक घ्यावं. पोर्तुगीज दोन शतकं जे करत होते तेच. 1712 मध्ये त्यांच्या गलबतांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचं सशस्त्र जहाज पकडलं आणि मग 1713 मध्ये इंग्रजांशी तह झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना हात लावणार नाही असं कान्होजींनी कबूल केलं. आणि इंग्रजांनी काय कबूल केलं? इंग्रजी निशाण फक्त इंग्रजांच्या मालकीच्याच जहाजांवर लागेल.

या एका कलमात मला कान्होजींची बुद्धी दिसते. मुंबईतले इंग्रज स्वतःचा खासगी व्यापार करत, देशी व्यापाऱ्यांचा माल आपल्या जहाजावर घेत, देशी मालकाचं गलबत भाड्यानं घेऊन त्यावर आपलं निशाण चढवत. निशाण इंग्रजी, गलबत दुसऱ्याचं, माल तिसऱ्याचा. दस्तक चुकवायची ही सोपी वाट होती. कान्होजी म्हणत, कंपनीचं ते कंपनीचं, पण बाकीच्यांनी तुमच्या निशाणाआड लपू नये. तहाला काही वर्षं होतात न होतात तोच यावरून पुन्हा भांडण पेटलं. चार्ल्स बून गव्हर्नर असताना पकडलेल्या एकेका गलबताचा खरा मालक कोण, माल कुणाचा, यावर पत्रं गेली-आली, आणि पत्रांनी भागेना तेव्हा 1718 मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला. तो फसला. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून कुलाब्यावर चढाई केली, तीही फसली.

कान्होजींचा प्रश्न खोटा नव्हता याचा दाखला फार उशिरा आणि फार लांबून मिळतो. ओमानमधल्या सूर इथल्या 'धाव' जातीच्या गलबतांच्या मालकांना फ्रेंच आपलं निशाण देत होते. ती गलबतं मस्कतच्या सुलतानाच्या प्रजेची. फ्रेंच निशाण असल्यामुळे इंग्रजांना त्यांची झडती घेता येईना. हा वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि 8 ऑगस्ट 1905 रोजी निकाल लागला: 2 जानेवारी 1892 नंतर फ्रान्सला कुणालाही आपलं निशाण वाटता येणार नाही, फक्त ठरावीक आश्रितांनाच देता येईल. तिथे इंग्लंडची तक्रार काय होती? दुसऱ्याच्या प्रजेच्या गलबतावर आपलं निशाण चढवून त्याला झाकू नये. कान्होजी मुंबईच्या गव्हर्नरला हेच सांगत होते, जवळजवळ दोनशे वर्षं आधी.

तरी मी एक बाजू दडवणार नाही. नाखव्याच्या दृष्टीनं मराठी दस्तक आणि पोर्तुगीज कार्ताझ यांत फरक थोडा होता. इथंही पकडणारा आणि ठरवणारा एकच. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत जवळजवळ संपला आणि पेशव्यांचं आरमार वसईच्या बंदरात आलं. वसईकरांसाठी तो मोठा दिवस होता, आणि माझ्यासारख्या ख्रिस्ती वसईकरालाही तसं म्हणायला संकोच नाही. पण बंदरातल्या चौकीवरचा प्रश्न बदलला नाही: गलबत कुणाचं, माल कुणाचा, दस्तक दाखव.

पकडणारा वेगळा आणि निवाडा करणारा वेगळा, ही सोय या किनाऱ्यावर मला ठळक दिसते ती मुंबईच्या कोर्टात. सर जेम्स मॅकिंटॉश 1804 ते 1811 मुंबईला रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश, होते आणि समुद्रात पकडलेल्या जहाजांचे खटलेही त्यांच्यापुढे येत. 1807 मध्ये 'मिनर्व्हा' या अमेरिकन जहाजाचं प्रकरण आलं. इंग्लंड-फ्रान्सच्या तेव्हाच्या युद्धात अमेरिका नव्हती, जहाज तटस्थ होतं. पकडणारे इंग्रज आपल्या राजाच्या सूचनांवर बोट ठेवत होते. मॅकिंटॉश यांनी तत्त्व मांडलं ते असं: राजाच्या सूचना राष्ट्रांमधल्या कायद्याविरुद्ध असतील तर हे कोर्ट कायदा पाळेल, सूचना नाही. आपल्याच राजाच्या हुकमाबद्दल, आपल्याच आरमाराविरुद्ध, चालू युद्धात एक न्यायाधीश मुंबईत हे म्हणतो. हेच तत्त्व 1916 मध्ये 'झामोरा' या तांबं वाहणाऱ्या स्वीडिश जहाजाच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं पक्कं केलं, आणि जगभरचे वकील तो निकाल वाचतात. मुंबईचा निकाल मुंबईतसुद्धा कुणाला ठाऊक नाही. मॅकिंटॉश परक्या सत्तेचे नोकर होते हे खरं; त्यानं त्या निकालाची किंमत माझ्या लेखी कमी होत नाही. या कोर्टांतही पुराव्याचं ओझं बहुतेक मालकावरच असे, आधी जहाजावरचे कागद आणि खलाशांच्या जबान्या पाहिल्या जात. पण निदान ऐकणारा तिसरा होता. पुढे 1856 च्या पॅरिसच्या जाहीरनाम्यानं तटस्थ निशाणाखालचा शत्रूचा मालही, युद्धसामग्री सोडून, सुरक्षित ठरवला आणि खासगी जहाजांना लुटीच्या सनदा देणं बंद केलं.

आज पाचूबंदरची किंवा अर्नाळ्याची बोट मासेमारीला निघते तेव्हा तिच्यावर नोंदणी क्रमांक असतो, परवाना असतो, खलाशांजवळ बायोमेट्रिक कार्ड असतं. 2008 च्या नोव्हेंबरात 'कुबेर' या पोरबंदरच्या ट्रॉलरवर कब्जा करून अतिरेकी मुंबईपर्यंत आले, त्यानंतर ही तपासणी कडक झाली. ती हवीच. आपल्या पाण्यात आपलं तटरक्षक दल कागद मागतं आणि चुकलं तर दाद मागायला आपली कोर्टं आहेत.

पण आमच्याच पालघर जिल्ह्यातले, डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण ओखा, वेरावळ, पोरबंदरच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात. सर क्रीकच्या बाजूला समुद्रात हद्द आखलेली नाही. पाकिस्तानची सागरी सुरक्षा एजन्सी बोट पकडते, माणसं कराचीच्या तुरुंगात जातात. बोट त्यांची नसते, माल त्यांचा नसतो. कुणाच्या भांडणात ते नसतात. तुरुंगात मात्र त्यांनाच राहावं लागतं, आणि आपण कोण हे सिद्ध होईपर्यंत थांबावं लागतं. 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. 21 मे 2008 च्या करारात स्पष्ट लिहिलं आहे की शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्वाची खात्री पटली की एका महिन्याच्या आत माणसाला परत पाठवायचं. हे कलम दोन्ही सरकारांनी तारीख लावून पाळावं. आणि आपल्या बाजूनं, पालघरच्या ज्या खलाशाचं नाव यादीत येईल त्याची ओळख पटवणारा कागद त्याच्या तहसील कचेरीतून पहिल्याच आठवड्यात दिल्लीला पोचवावा. या जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींना माझी ही विनंती आहे.